एथिक्सचा पेपर सोपा असतो, असं कुणी सांगितलं?

«वकीलकाकू, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. मराठीतून झालं, आता बेळगावात तीन वर्षांचं एलएलबी करते. गेल्या सेमिस्टरला सगळे विषय सुटले, फक्त प्रोफेशनल एथिक्सचा बॅक लागला. वर्गात हसं झालं, कारण तो म्हणे काही न वाचता सुटतो. मी तर पानं भरून लिहिलं होतं. वकिलाने खरं बोलावं, गरिबांना मदत करावी, पैशाच्या मागे लागू नये, सगळं लिहिलं. दुसरं म्हणजे संध्याकाळी मी एका वकिलांच्या ऑफिसात जाते. तिथे पुस्तकाच्या उलटंच दिसतं. अपघाताच्या केसमध्ये फी टक्क्यावर ठरते. मग परीक्षेत काय लिहायचं आणि खरं काय मानायचं? इंग्रजीची भीती आहेच. बाबा विचारतात, एवढं शिकून पोटापाण्याला कधी लागणार? – एक विद्यार्थिनी»

पोरी, तू नापास का झालीस याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तू पानं भरून लिहिलंस, आणि तपासणाऱ्याला तू भल्या मनाची वाटलीही असशील. पण भल्या मनाला मार्क द्यायला उत्तरपत्रिकेत जागा नसते. या विषयाचं नाव ऐकलं की निम्मा वर्ग त्याला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास समजतो. हा कायद्याचा पेपर आहे गं. त्याला १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आहे, क्रमांक घातलेले नियम आहेत, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं आहे, अपिलाला मुदत आहे, शिक्षा कोणत्या ते लिहून ठेवलेलं आहे. कराराच्या पेपरात 'माणसाने दिलेला शब्द पाळावा' एवढंच लिहून कुणी पास झालेलं ऐकलंयस का? आणि तुला हसणाऱ्यांत किती जण काठावर सुटलेत तेही एकदा विचार.

उलट या पेपरात भलं मन दगा देतं. समज, तुझ्या गावचा एक गरीब माणूस आहे, त्याच्याकडे कोर्ट फीला पैसे नाहीत, आणि त्याच्या वकिलाने स्वतःच्या खिशातून पाच हजार उसने देऊन दावा चालू ठेवला. तुला विचारलं तर तू 'परोपकारी वकील' म्हणून त्याची आरती करशील. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम ३२ सांगतो की ज्या कामासाठी वकील नेमलेला आहे त्या कामासाठी त्याने पक्षकाराला कर्ज देऊ नये. कारण सरळ आहे. ज्याचे पैसे दाव्यात अडकले, तो तडजोडीचा प्रस्ताव आला की आधी स्वतःचं येणं बघणार. मात्र याच नियमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे: दावा चालू असताना, पक्षकाराशी तसं काही ठरलेलं नसताना, कोर्टाच्या नियमामुळे भाग पडलं म्हणून वकिलाने दावा पुढे सरकण्यासाठी कोर्टात पैसे भरले, तर तो भंग नाही. नियम आणि स्पष्टीकरण दोन्ही लिहिणारी मुलगी वर्गात क्वचितच असते.

आता उलट बाजूचं उदाहरण घे. पक्षकाराने फी बुडवली. मग वकिलाने फाइल अडकवून ठेवली तर बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. दुकानदार माल देतो का पैसे मिळाल्याशिवाय? आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाला फाइलवर असा ताबा नाही. फीसाठी त्याने वेगळा दावा करावा, पण कागद पक्षकाराचे, ते परत द्यायचे. आणि तिसरं, जे ऐकून तुझ्या आईला धक्का बसेल: वकिलाला आरोपी दोषी वाटत असला तरी तो त्याचा बचाव करू शकतो. नियम १५ तेच सांगतो, कारण पुराव्याशिवाय कुणाला शिक्षा होऊ नये. फक्त खोटा साक्षीदार उभा करता येत नाही. मन एक सांगतं आणि नियम दुसरं, पेपर काढणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून तुझ्यासाठी माझा सल्ला असा की प्रश्न वाचल्यावर पहिलं जे उत्तर मनात येईल त्यावर संशय घे, आणि मग नियम आठव.

वाचायचं काय? गाइड बाजूला ठेव. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला भाग ६, प्रकरण २ एवढा मजकूर झेरॉक्स करून घे, थोडक्या पानांत बसतो. अधिनियमाच्या कलम ४९ खाली हे नियम केलेले आहेत, हे पहिल्याच ओळीत लिहायचं असतं आणि बहुतेक जण विसरतात. १ ते १० न्यायालयाप्रती कर्तव्य, ११ ते ३३ पक्षकाराप्रती, ३४ आणि ३५ प्रतिपक्षाबाबत, ३६ ते ३९ सहकारी वकिलांबाबत. पुढे ४७ पासून वकिलाने दुसरी नोकरी-धंदा करावा की नाही ते येतं. पक्षकाराच्या वाट्याला किती नियम आलेत ते बघ, म्हणजे प्रश्न कुठून येणार हे कळेल. प्रत्येक नियमासमोर पेन्सिलने एकच गोष्ट लिही: हा नियम नसता तर कोण बुडालं असतं? नियम १३ घे. ज्या केसमध्ये आपण साक्षीदार होणार असं दिसतंय ती केस घेऊ नये. नसता तर काय झालं असतं? तोच माणूस साक्ष देणार आणि तोच त्या साक्षीवर युक्तिवाद करणार. नियम २२, ज्या दाव्यात आपण होतो त्यातल्या लिलावात मालमत्ता विकत घेऊ नये. नसता तर? असं करत गेलीस की पाठ करावं लागत नाही. क्रमांक आठवला नाही तर मजकूर लिही आणि क्रमांक सोड. चुकीचा क्रमांक ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

अधिनियमातली चार-पाच कलमं मात्र क्रमांकासकट हवीत. कलम ३५: राज्य बार कौन्सिलकडे तक्रार, ती शिस्तपालन समितीकडे, महाधिवक्त्याला नोटीस, आणि चार शक्यता – तक्रार फेटाळणं, ताकीद, काही काळासाठी सनद निलंबित, नाहीतर पटावरून नावच काढणं. कलम ३६ बी: एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. कलम ३७: ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील. कलम ३८: पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. कलम ३५ मध्ये 'व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन' असे शब्द आहेत, त्यातल्या 'इतर'वर टीप विचारतात. तिथे हिकमत अली खान विरुद्ध ईश्वर प्रसाद आर्य हा १९९७ चा निकाल लिही. एका वकिलाने भर कोर्टात विरोधकावर चाकू चालवला होता, त्याचं नाव पटावरून काढलं गेलं.

न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा याच पेपरात येतो. दिवाणी आणि फौजदारी अवमान यांतला फरक कलम २ मध्ये आणि शिक्षा कलम १२ मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यावर मी जास्त लिहीत नाही, कुठल्याही पुस्तकात ते ठीक दिलेलं असतं. एक जोड मात्र विसरू नकोस. अवमानाबद्दल शिक्षा देताना सर्वोच्च न्यायालय वकिलाची सनद स्वतःच निलंबित करू शकत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा, असं १९९८ साली सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात ठरलं.

निकालांबद्दल. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत या विषयाचा आराखडाच दिलाय: शिस्तपालन समित्यांचे निवडक ५० निर्णय आणि सर्वोच्च न्यायालयाचे १० महत्त्वाचे निकाल, तेही प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलांच्या सोबतीने शिकवायचे. पन्नास कुणी शिकवत नाही, हे तुला-मला माहीत आहे. दहा तरी पुरे कर, पण गोष्ट म्हणून वाच. कुणी काय केलं, कुणी तक्रार केली, खालच्या समितीने काय दिलं, वरच्या कोर्टाने ते वाढवलं की कमी केलं. उदाहरणार्थ दाभोळकर प्रकरण, १९७५ चं. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे आणि येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडायचे, हातातले कागद ओढायचे, आपसात धक्काबुक्की करायचे. हे वाचल्यावर जाहिरातबंदीचा नियम ३६ कशासाठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. रंगादुराई प्रकरणात वकिलाने पैसे घेतले आणि दावा दाखल न करताच तो चालू असल्याचं पक्षकाराला सांगत राहिला. कोर्टाच्या आवारात जरा कान देऊन बसलीस तर 'तारीख पडलीय, पुढच्या महिन्यात या' हे वाक्य ऐकू येईल. ते खरं असतं तेव्हा त्याला काहीच अर्थ नसतो, आणि खोटं असतं तेव्हा ते गैरवर्तन असतं. दास्ताने विरुद्ध शिवदे, २००१: साक्षीदार उलटतपासणीला हजर असताना खोट्या सबबी सांगून पुन्हा पुन्हा तारीख घेणं. राज्य बार कौन्सिलने तक्रार फेटाळली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशीसाठी पुन्हा शिस्तपालन समितीकडे पाठवली. वकिलांच्या संपाबद्दल कॅप्टन हरीश उप्पल प्रकरण, निकाल २००२ चा. आणि 'अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये' असा ठराव एखाद्या बार असोसिएशनने केला तर त्याला कायद्यात किंमत नाही, हे २०१० चं मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू. भाषेवरून किंवा धर्मावरून गाव तापलं की असे ठराव सुचतात, म्हणून सीमाभागातल्या पोरांनी हा निकाल आवर्जून वाचावा.

आता एक प्रश्न सोडवून दाखवते, कारण समस्येच्या प्रश्नातच तुझे मार्क गेले असणार. समज, प्रश्न असा आहे: रस्ता रुंदीकरणात शेतकऱ्याची जमीन गेली. वाढीव नुकसानभरपाईसाठी वकील नेमला. वाढीव रकमेच्या दहा टक्के फी ठरली. रक्कम वकिलाच्या खात्यावर आली. त्याने चार महिने कळवलं नाही, मग दहा टक्के कापून बाकीची दिली. शेतकऱ्याने लेखी हिशेब मागितला तर म्हणाला, आधी तुझ्या भावकीच्या केसची राहिलेली फी भर. दरम्यान त्या शेतकऱ्याची उरलेली जमीन वकिलाने मेहुण्याच्या नावावर घेतली.

बहुतेक उत्तरपत्रिकांत इथे 'वकिलाने शेतकऱ्याला फसवलं, हे अनैतिक आहे' एवढं येतं. तू एकेक कृती सुटी कर. दहा टक्के ठरवणं हाच नियम २० चा भंग, मग पैसे कापले नसते तरी. निकालावर अवलंबून फी नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा नाही, असा तो नियम आहे, आणि १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने 'जी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात असा वाटा ठरवणं हे गैरवर्तन मानलं होतं. चार महिने न कळवणं: नियम २७, पक्षकाराच्या वतीने पैसे मिळाले की लवकरात लवकर त्याला सांगायचं. हिशेब न देणं: नियम २५ खाली हिशेब ठेवायचा, ३० खाली मागितला की प्रत द्यायची. आता कापून घेणं. इथे घाई करू नकोस. काम संपल्यावर, ठरलेली फी त्याच कामात हाती आलेल्या रकमेतून वळती करायला नियम २८ परवानगी देतो. म्हणजे कापणं मुळात पाप नाही. पण इथली फी बेकायदा टक्क्याची, म्हणून २८ चा आधार मिळत नाही. आणि भावकीची केस तर वेगळीच, तिची थकबाकी या केसच्या हिशेबाला अडवू शकत नाही. हे तीन वाक्यांत लिहिलंस की तपासणारा मान वर करून बघतो.

जमिनीचं जरा नाजूक आहे. इथे सगळे डोळे झाकून पी. डी. गुप्ता विरुद्ध राममूर्ती हा १९९७ चा निकाल टाकतील. त्यात वकिलाने आपल्याच पक्षकाराकडून दाव्यातली मालमत्ता घेतली होती, तीही तिच्या मालकीबद्दल शंका आहे हे माहीत असताना, आणि एक वर्ष सनद निलंबित झाली. आपल्या प्रश्नातली जमीन मात्र वादातली नाही, लिलावातलीही नाही. तेव्हा नियम २२ थेट लागत नाही असं कबूल कर, आणि नियम २४ वर ये: पक्षकाराने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. भाव काय दिला, शेतकरी अडचणीत होता का, दुसऱ्या वकिलाचा सल्ला मिळाला होता का, यावर ते ठरेल असं लिही. उत्तर एकतर्फी नसलं तरी चालतं, विचार दिसला पाहिजे. शेवटी मार्ग: राज्य बार कौन्सिल, कलम ३५, अपिलं. आणि जुन्या गाइडात 'ग्राहक मंचातही जाता येईल' असं सापडेल, ते खोडून टाक. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असं ठरवलंय.

इंटरनेटवर सराव प्रश्न शोधायला गेलीस तर अमेरिकेच्या एमपीआरई परीक्षेचे, म्हणजे तिकडच्या वकिलांच्या एथिक्सच्या परीक्षेचे, ढीगभर मिळतील. दोन तासांची, साठ पर्यायी प्रश्नांची परीक्षा आहे ती, आणि प्रश्न बेतलेले सुरेख असतात. विचाराच्या सरावासाठी जरूर सोडव, पण उत्तरं इकडे उतरवू नकोस. तिथे अपघाताच्या खटल्यात टक्क्यावर फी घेता येते. आपल्याकडे नाही.

यावरूनच तुझ्या ऑफिसच्या प्रश्नाकडे येते. टक्क्यावर फी घेतात हे तुला दिसतं. दिसणारच, तू काही नवीन शोधलेलं नाहीस. पण रस्त्यावर दहा जण हेल्मेटशिवाय जातात म्हणून हेल्मेटचा कायदा खोटा ठरत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी कायदाच काढून दाखवते. परीक्षेत नियम २० लिही. मनातही तोच मान. सिनिअरशी भांडायला मात्र जाऊ नकोस. त्यांच्या पक्षकाराशी झालेला व्यवहार तुला अर्धाच दिसतो, आणि अजून तुझ्याकडे सनद नाही. तुझ्या हातात जे आहे तेवढं सांभाळ. सनद नसताना 'अ‍ॅडव्होकेट' म्हणून कुठेही सही नाही. इन्स्टाग्रामवरही ते नाव नाही, बँड लावलेला फोटो नाही. प्रतिज्ञापत्रावर 'मी यांना ओळखतो' अशी सही करायला सांगितलं तर नम्रपणे 'सर, मला सनद नाही' म्हण, कुणी रागावणार नाही. अधिकार नसताना वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि ऑफिसात ऐकलेलं ऑफिसातच. गुप्ततेचं बंधन वकिलापुरतं नाही, त्याच्या कारकुनालाही आहे. जुन्या पुस्तकांत पुरावा कायद्याचं कलम १२६ दिसेल, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर कुणाची मामी बसलीय हे सांगता येत नाही.

इंग्रजी. तुला लांब वाक्यं लिहायची गरजच नाही, हा पेपर त्या बाबतीत दयाळू आहे. कर्तव्य कुणाप्रती, नियम काय सांगतो, इथे काय घडलं, म्हणून काय: अशी चार छोटी वाक्यं. रोज रात्री एक नियम घे आणि पुस्तक मिटून त्याची चार वाक्यं स्वतःच्या इंग्रजीत लिही. व्याकरण कच्चं असू दे, 'रिप्रिमांड', 'सस्पेन्शन', 'मिसकंडक्ट' असे नेमके शब्द जागेवर हवेत. ज्यांचं कन्नड चांगलं आहे ते कन्नडमध्ये लिहितात, तुलाही जमत असेल तर लाज नको.

आणि कन्नडबद्दल स्पष्टच बोलते, मग कुणाला राग आला तरी चालेल. घरी, गणपतीत, मतदानाला आपण मराठीच. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलाय, तो लागेल तेव्हा लागेल. तुझ्या पक्षकाराचं समन्स मात्र आज कन्नडात येतं. नोटरीच्या टेबलाशी कधीतरी उभी राहा आणि बघ. म्हातारी बाई पदराला अंगठा पुसते, शाईच्या पॅडवर ठेवते, कन्नडात टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्रावर उमटवते. तळाशी 'मजकूर वाचून, समजावून सांगितला' असा छापील शेरा आधीच असतो. तिला विचार, काय लिहिलंय गं आजी? ती म्हणते, वकिलांनी सांगितलंय म्हणून दिला अंगठा. समजावून सांगणं हे वकिलाचं काम, पण ज्याला तो कागद स्वतःलाच नीट वाचता येत नाही तो तिला काय समजावणार? म्हणून कन्नड वाचायला आणि लिहायला शिक, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत पोचायच्या आत. आणि मराठी सोडू नकोस, कारण त्या आजीला मराठीत समजावणारा माणूस त्या टेबलाशी कमीच असतो.

बाकी लॉ कॉलेजबद्दल थोडक्यात. हजेरी प्रत्येक विषयात ७० टक्के लागते, पावसाळ्यात बस चुकते हे कारण दरवेळी चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात बुडवू नकोस. जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात, पण फौजदारी आणि पुराव्याची घेऊ नकोस, कलमं बदललीत. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे इंटर्नशिप आहे, आणि मूट कोर्टच्या (सरावाच्या खटल्यांच्या) पेपरात एक दिवाणी, एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष बघून लिहायचे असतात. मुलं ती डायरी सिनिअरच्या डायरीवरून उतरवतात. तू खरोखर जाऊन बस. एका दिवसात कंटाळशील, चौथ्या दिवशी उलटतपासणी ऐकायला मजा येईल, आणि एथिक्सच्या पेपरात उदाहरणं आपोआप सुचतील. या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते का ते कॉलेजच्या ऑफिसात विचार. कुठे शून्य पडलंय ते डोळ्यांनी बघितलं की माझा सल्लाही तुला नीट कळेल.

बाबांना काय सांगायचं? त्यांना खोटी आशा दाखवू नकोस. एलएलबी झालं की लगेच पगार सुरू होतो असं हे क्षेत्र नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युनिअरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना द्यावेत असं सुचवलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात सुरुवातीला बसभाडं आणि चहा निघाला तरी पुष्कळ, अशी वर्षं असतात. सनदेच्या खर्चाची मात्र भीती नको. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की नोंदणीसाठी कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही, म्हणजे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. सनदेनंतर ऑल इंडिया बार एक्झाम, १०० पर्यायी प्रश्न, खुणा न केलेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, सोबत नेता येतो, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तिथेही एथिक्सचे थोडे प्रश्न असतात, ते तुझे फुकट सुटतील. तोवर तालुका विधी सेवा समितीत स्वयंसेवक म्हणून नाव घाल. पैसे फार नाहीत, पण माणसं कशासाठी कोर्टात येतात ते तिथे कळतं, आणि गावात चार जण तुला ओळखू लागतात. बाबांनाही एकदा सोबत ने.